थ्रॉटल सेन्सरला इंधन कळत नाही : सीएनजी गाडीबद्दलच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या मोबाइलवर गेले काही आठवडे एक मजकूर फिरत आहे. दांडिया बाजारातल्या दोन परिचितांनी तो मला वेगवेगळा पाठवला आणि दोघांनीही ‘सेन्सर बदलू का?’ असेच विचारले, म्हणून हे उत्तर लिहीत आहे. मजकुराचा सारांश असा : सीएनजीवरची गाडी झटके खाऊ लागली किंवा तिचा पिकअप पडला, की थ्रॉटल पोझिशन सेन्सर (इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप किती उघडली हे संगणकाला सांगणारा भाग) गेला असे समजावे, गॅसच्या उष्णतेने तो जळतोच, पेट्रोलवर गाडी नीट पळत असली तरी फसू नये, बॅटरीची वायर दहा मिनिटे काढून ठेवावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पैसे न घालवता सरळ सेन्सर बदलावा, म्हणजे काम संपले. झटक्यांमागे कधीकधी हा सेन्सर असतो, एवढे यात खरे आहे.

उष्णतेचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. आजच्या सिक्वेन्शियल किटमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणाऱ्या किटमध्ये, गॅसचे इंजेक्टर थ्रॉटलच्या पुढे, इनटेकच्या तोंडाशी गॅस सोडतात. म्हणजे तो गॅस थ्रॉटलला शिवतदेखील नाही. थ्रॉटलच्या आधीच हवेत गॅस मिसळणाऱ्या जुन्या मिक्सरच्या किटमध्ये गॅस थ्रॉटलमधून जातो हे खरे, पण टाकीतल्या सुमारे २०० बार दाबावरून खाली उतरताना तो इतका गार होतो, की रिड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारा भाग) गोठू नये म्हणून त्याला इंजिनचे गरम पाणी द्यावे लागते. शिवाय सेन्सर हवेच्या वाटेत नसून झडपेच्या दांड्याच्या टोकाशी, बाहेरच्या बाजूला बसलेला असतो. तो खराब होतो तो बहुधा झिजून : आतल्या कार्बनच्या पट्टीवर एक लहानसा संपर्क सरकत राहतो, आणि मांडवी-न्यायमंदिराच्या गर्दीत रोज चालणाऱ्या गाडीची झडप बंद आणि किंचित उघडी यांच्या दरम्यानच हलत असल्यामुळे पट्टी नेमकी तेवढ्या भागात उडते. ही झीज पेट्रोलच्या गाडीतही अशीच होते. अलीकडच्या अनेक गाड्यांत तर घासणारी पट्टीच नसते, चुंबकावर चालणारा सेन्सर असतो.

खरा घोटाळा आहे तो ‘पेट्रोलवर नीट पळत असली तरी फसू नका’ या वाक्यात, कारण निदानाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्णायक चाचणी हे वाक्य वाचकाच्या हातून काढून घेते. थ्रॉटलची झडप एकच, तिच्यावरचा सेन्सर एकच, आणि पेट्रोल जळते आहे की गॅस हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. झडप किती उघडली एवढेच तो व्होल्टच्या रूपाने सांगतो. सिक्वेन्शियल किटचा संगणक आपला हिशेब नव्याने मांडत नाही. गाडीच्या मूळ संगणकाने पेट्रोलच्या इंजेक्टरसाठी काढलेला वेळ तो वाचतो आणि त्याचे गॅसच्या वेळेत रूपांतर करतो. त्यामुळे सेन्सरने खोटे सांगितले, तर ते खोटे दोन्ही इंधनांत उतरते, आणि पायाखालचा एक्सिलरेटर ठरावीक जागी आला की गाडी पेट्रोलवरही तिथेच अडखळते. स्विच पेट्रोलवर टाकून त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाने फिरून यावे. दोष फक्त गॅसवर दिसत असेल, तर संशयाचा मोर्चा गॅसचा फिल्टर, रिड्यूसरचा दाब, गॅसचे इंजेक्टर यांच्याकडे वळवावा, आणि त्याआधी प्लग व कॉइल पाहावेत. कारण गॅसच्या मिश्रणात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते आणि पेट्रोलवर निभावून नेणारा झिजका प्लग गॅसवर चढावात उघडा पडतो. शिवाय गॅस हवेची काही जागा अडवत असल्याने त्याच्यावर गाडीचा जोर पेट्रोलपेक्षा थोडा कमीच असतो. एवढ्याशा फरकाला रोग म्हणू नये.

प्रामाणिकपणे एक अपवाद सांगितला पाहिजे. मिक्सरच्या काही किटमध्ये गॅसच्या संगणकाला झडपेची स्थिती कळावी म्हणून थ्रॉटल सेन्सरच्या सिग्नलच्या तारेला मध्येच जोड दिलेला असतो. हा जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला असेल, तर वर्षा-दोन वर्षांत तो सैल होतो, आणि मग मूळ संगणकाला सिग्नल नीट मिळत असूनही गॅसच्या संगणकाला तुटक मिळतो. म्हणजे थ्रॉटलच्या सिग्नलचा दोष फक्त गॅसवर दिसतो. पण इथेही सेन्सर निर्दोषच आहे! सोल्डरचा एक थेंब आणि नीट चढवलेली स्लीव्ह यांनी जे काम होते, त्यासाठी नवा सुटा भाग घेण्याचे कारण नाही.

बॅटरीची वायर काढण्याच्या उपायाला मी उपाय म्हणणार नाही. तिने संगणकात साठलेला दोषाचा कोड पुसला जातो, दोष उद्भवला त्या क्षणाची नोंद जाते आणि इंधनाच्या मिश्रणाबद्दल संगणकाने शिकून ठेवलेल्या दुरुस्त्याही जातात. गाडी दोन दिवस बरी वाटते ती यामुळेच, आणि तिसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेल्यावर फिटरच्या हाती पुरावा उरत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या, म्हणजे झडप केबलऐवजी मोटरने हलते अशा गाडीत तर झडपेची बंद स्थिती संगणकाला पुन्हा शिकावी लागते, तोवर आयडलिंग वरखाली होते, आणि वाचक समजतो की सेन्सर आणखीच बिघडला.

स्कॅनरवर खर्च नको म्हणणाऱ्यांची अडचण मला समजते, पण कोड हा निकाल नसून पत्ता आहे. ‘पी ०१२२’ म्हणजे सिग्नल प्रमाणापेक्षा कमी, ‘पी ०१२३’ म्हणजे जास्त. तो कमी का, हे कोड सांगत नाही. ते साधा मल्टिमीटर सांगतो. कनेक्टर काढून, इंजिन बंद आणि इग्निशन चालू ठेवून, पुरवठ्याच्या व अर्थिंगच्या पिनेत सुमारे ५ व्होल्ट मिळतात का ते प्रथम पाहावे. मिळत नसतील तर दोष वायरिंगमध्ये आहे किंवा त्याच पुरवठ्यावरच्या दुसऱ्या एखाद्या सेन्सरने तो खाली ओढला आहे. मिळत असतील तर कनेक्टर बसवून सिग्नलची तार मागून तपासावी : झडप बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट, आणि एक्सिलरेटर सावकाश पूर्ण दाबेपर्यंत साडेचारच्या आसपास, मध्ये कुठेही न गचकता. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात, महत्त्व त्या अखंड चढण्याला आहे. ही चढण पाहायला काट्याचा जुना मीटर डिजिटलपेक्षा बरा, कारण क्षणभराची गचकी काटा दाखवतो आणि आकडे गिळतात. स्कॅनरवर झडप बंद असताना १५ टक्के दिसले म्हणून घाबरू नये. अनेक गाड्यांत ते वाचन तसेच असते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घराघरांत शिरले, त्यानंतर आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचा हाच सेन्सर एका गॅरेजने दोनदा बदलला. झटके तसेच राहिले. अखेरीस कनेक्टर उघडून पाहिला तेव्हा अर्थिंगच्या पिनेवर हिरवट थर चढलेला निघाला. दरवर्षी अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) पाणी भरते त्या गावात तरी कनेक्टर आधी आणि सेन्सर नंतर, हा क्रम पाळायला हवा.

राहिले ‘सेन्सर बदलला की काम संपले’ हे विधान. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये सेन्सर सहसा सुटा मिळत नाही, तो झडपेच्या संपूर्ण संचाबरोबर येतो. त्यात एकमेकांना ताडून पाहणारे दोन सेन्सर असतात, आणि एक्सिलरेटरच्या पेडलपाशी आणखी दोन. तेव्हा या चारांपैकी नेमके कोण चुकते आहे हे ठरल्याशिवाय संच मागवू नये, आणि इग्निशन चालू असताना झडप बोटाने ढकलून तर मुळीच पाहू नये, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. केबलच्या जुन्या थ्रॉटलवर सेन्सरचे स्क्रू लांबट भोकांत बसत असतील, तर नवा सेन्सर किंचित फिरवून बंद स्थितीचे व्होल्टेज कंपनीने दिलेल्या आकड्यावर आणल्यावरच ते आवळावेत. आणि किट थ्रॉटलचा सिग्नल वाचणारे असेल, तर किटवाल्याकडून त्याच्या संगणकाला बंद व पूर्ण उघडी या दोन्ही स्थिती नव्याने शिकवून घ्याव्यात, नाहीतर चांगल्या सेन्सरवरही गाडी गॅसवर झटके खातच राहील.