खुलासा : युगोस्लाव्हियाचे शेवटचे पंतप्रधान मिलोशेविच नव्हेत
युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा मिलोशेविच पंतप्रधान होते, असा मजकूर फिरतोय. साफ चूक. ते सर्बिया या घटक प्रजासत्ताकाचे अध्यक्ष. पंतप्रधान होते आंते मार्कोविच, मार्च १९८९ ते डिसेंबर १९९१. महागाईने लोकांचं कंबरडं मोडलेलं असताना, जानेवारी १९९० मध्ये त्यांनी १०,००० जुन्या दिनारांचा एक नवा दिनार केला आणि सात दिनारांना एक जर्मन मार्क असा दर बांधला. काही महिने भाव खरंच आटोक्यात आले! मग सर्बियाने बँकांमधून परस्पर पैसा उचलला आणि घडी विस्कटली. ऑक्टोबर १९९१ मध्ये क्रोएशियाची राजधानी झाग्रेबमधल्या बान्स्की द्वोरी या सरकारी वाड्यावर विमानांनी बॉम्बहल्ला केला, तेव्हा मार्कोविच आतच होते, थोडक्यात वाचले. लष्कराचं ताट भरणाऱ्या अर्थसंकल्पावरून त्यांनी राजीनामा दिला. २००३ साली हेगमधल्या आंतरराष्ट्रीय युद्धगुन्हे न्यायालयात मिलोशेविचविरुद्ध साक्षही त्यांनी दिली.