एक चेनसॉ, एक दोर आणि दोन धडधाकट पोरं

गेले काही आठवडे एकच मेसेज मला निदान दहा जणांनी पाठवलाय. धंदा सुरू करू पाहणाऱ्यांसाठी सल्ला म्हणून तो फिरतोय. मजकूर साधारण असा: "चेनसॉ घ्या, जाड दोर घ्या, दोन धडधाकट पोरं घ्या. झाडं छाटायची-तोडायची कामं पहिल्या दिवसापासून मिळतात. लहानपणी झाडावर चढलेल्याला वेगळं शिकायची गरज नाही. हेल्मेट-बिल्मेट हे मोठ्या कंपन्यांचे चोचले. विजेच्या तारेला हात लावू नका म्हणजे झालं. वादळाची भीती असेल तर शेंडा उडवा आणि घावाला रंग फासा. परवानगीचं मालक बघतो. पोरांकडून 'माझ्या जबाबदारीवर' असं लिहून घ्या. आणि झाड बघण्यात वेळ घालवू नका, गिऱ्हाईक निसटतं."

मी हाच धंदा करतो. यातलं एक वाक्य खरं आहे: कामं मिळतात. बाकीच्याकडे एकेक करून बघू.

"लहानपणी झाडावर चढलेल्याला शिकायची गरज नाही"

चढता येणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. लहानपणी आपण चढायचो तेव्हा हातात यंत्र नसायचं, आणि ज्या झाडावर बसलोय तेच कापायचं नसायचं. माणूस उंचीला घाबरतो, घाबरावंच. पण या धंद्यात घात करतं ते वजन.

४० सेंटिमीटर व्यासाचा, मीटरभर लांबीचा ओला ओंडका घ्या. ओलं लाकूड जवळपास पाण्याइतकं जड धरलं तर हा तुकडा सव्वाशे किलो भरतो. खालून तो एवढासा दिसतो. पाच मीटरवरून सुटला की सेकंदाभरात जमिनीवर येतो, आणि तेव्हा त्याचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतो. त्याच्याखाली सापडलेल्याला कुठलंच हेल्मेट वाचवत नाही. तिथे माणूसच नसणं एवढाच उपाय.

"म्हणून तर दोर घ्यायला सांगितलाय," असं मेसेजवाला म्हणेल. पण दोराचं गणित याहून वाईट आहे. उभ्या खोडाचा वरचा तुकडा कापायचा असतो तेव्हा कप्पी त्याच्या खाली, त्याच खोडाला बांधलेली असते. तुकडा आधी दोनेक मीटर मोकळा पडतो, मग दोर ताणला जातो. खालच्या पोराने दोर बुंध्याला गच्च बांधून ठेवला असेल आणि तुकडा पाव मीटरमध्ये थांबला, तर दोरावर सरासरी ताण वजनाच्या नऊपट येतो. म्हणजे सव्वाशे किलोचा ओंडका अकराशे किलोंच्या वर खेचतो. कप्पीवर त्याच्या जवळपास दुप्पट, कारण दोराचे दोन्ही पदर तिला खाली ओढत असतात. आणि कापणारा माणूस त्याच खोडाला, कप्पीच्याही खाली बांधलेला! खोड आधी कुठे सडलेलं असेल तर तो हिसका त्याला नेमका दाखवून देतो.

तोच दोर बुंध्याला बांधलेल्या ड्रमला (घासून दोराचा वेग कमी करणाऱ्या धातूच्या नळकांड्याला) वेढे देऊन, दोन मीटर सरकू देत थांबवला तर सरासरी ताण वजनाच्या दुपटीवर येतो. दोर तोच, तुकडा तोच, झाडही तेच. फरक फक्त खालच्या माणसाच्या हातांत. त्या हातांना ताकदीपेक्षा दोर किती आणि केव्हा सोडायचा हे कळावं लागतं, आणि ते लहानपणी आंबे पाडताना कुणी शिकत नाही. 'इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर' ही झाडांची निगा राखणाऱ्यांची १९२४ सालापासूनची संस्था. तिच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायलाच साधारण तीन वर्षांचा अनुभव, किंवा या विषयाचं शिक्षण आणि त्याच्या जोडीला थोडा कमी अनुभव लागतो. "पहिल्या दिवसापासून"च्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

"हेल्मेट-बिल्मेट हे चोचले"

पूर्ण वेगात चेनसॉची साखळी सेकंदाला २० मीटर किंवा त्याहून जास्त धावते; २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. चेनसॉसाठीच्या खास पँटींचे वर्गही याच वेगावर ठरतात: पहिला वर्ग २० मीटरसाठी, दुसरा २४, तिसरा २८. या पँटीचं कापड कापलं जात नाही असा अनेकांचा समज आहे. उलट, ते कापलं जावं म्हणूनच केलेलं असतं. आतल्या लांब तंतूंचे झुपके साखळीबरोबर ओढले जातात, दात्यांच्या चाकात गुंततात आणि यंत्र जागच्या जागी अडकतं. जीन्समध्ये ही सोय नाही.

साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला टेकला की यंत्र उसळून तोंडाकडे येतं. पापणी लवायच्या आत येतं, त्यामुळे "मी चपळ आहे" हा युक्तिवाद इथे कामाचा नाही. दोन्ही हातांची पकड, अंगठा पुढच्या मुठीखालून वळवलेला आणि साखळी झटक्यात थांबवणारा, नीट चालणारा ब्रेक, याच गोष्टी उपयोगी पडतात. झाडावर एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने चेनसॉ चालवणारे व्हिडिओ मीही बघतो. लाइक मात्र करत नाही.

कानांचं बोलतच नाही कुणी. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो असं धरतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं मिळतात, आणि चेनसॉ त्याच्याही वर जातो. या धंद्यातली जुनी माणसं फोनवर मोठ्याने का बोलतात ते यावरून समजावं.

आणि दोर. वर चेनसॉ सुरू करण्याआधी माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा: चढायचा मुख्य दोर आणि कमरेचा आखूड पट्टा. यंत्राने चुकून एक कापला तर दुसरा राहतो. शिवाय खाली असा माणूस हवा, ज्याला वर चढून जखमीला उतरवता येतं. हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाभोवतीच्या सुरक्षा-पट्ट्यांत, निपचित लटकलेल्याची शुद्ध काही मिनिटांत हरपू शकते. बाहेरून मदत येईपर्यंत वाट बघण्याइतका वेळ नसतो. मेसेजमधली दोन पोरं यातलं काही करू शकतील का, हे विचारायला हवं.

"तारेला हात लावू नका म्हणजे झालं"

हात लावायची गरजच नसते. ओली फांदी वीज वाहून नेते, उच्च दाबाची वीज हवेतूनही उडी मारते, आणि तारेवरचं काळं आवरण उन्हापावसापासून जपायला असू शकतं, तुम्हाला जपायला नव्हे. अमेरिकेतल्या नियमांत ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून, त्या कामाचं खास प्रशिक्षण नसलेल्याने निदान १० फूट लांब राहायचं असतं. माणसाने, त्याच्या अवजाराने आणि दोरानेही. फांदी त्या अंतरात असेल तर आधी वीजपुरवठा अधिकृतपणे बंद करून घ्यायचा. "बंद आहे बहुतेक" याला बंद म्हणत नाहीत.

"शेंडा उडवा, रंग फासा"

गिऱ्हाइकाला हे दोन्ही आवडतं, कारण काम झाल्यासारखं दिसतं. शेंडा छाटल्यावर झाड घाबरून धुमारे फोडतं, डझनांनी. ते फांदीसारखे खोडाच्या आतून आलेले नसतात, सालीलगतच्या थरांत जेमतेम रुजलेले असतात. काही वर्षांत ते जाड होतात, आणि तोवर त्यांच्या खालचा उघडा थुटका कुजत आलेला असतो. वादळाच्या भीतीने शेंडा उडवला, तर पुढच्या एखाद्या वादळासाठी सैल फांद्यांचा झुपका तयार करून ठेवला असा त्याचा अर्थ. वाऱ्याचा भार कमी करायचाच असेल तर फांदी तिच्यातल्याच दुसऱ्या जोमदार उपफांदीपर्यंत मागे आणतात. त्याला वेळ लागतो आणि फोटो तितका जोरदार येत नाही.

रंगाबद्दल. अमेरिकेच्या वनसेवेतले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कुज कशी पसरते ते पाहिलं. तेही चेनसॉनेच, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. १९७७ साली त्यांनी मांडलं की झाड आपली जखम माणसासारखी भरून काढत नाही. जखमी भागाभोवती ते भिंती उभारतं, त्याला वेगळं पाडतं आणि त्याच्यावर नवं लाकूड वाढवतं. कुज थांबवायला रंगाचा उपयोग नाही, हेही त्यांच्या प्रयोगांत दिसलं. काप कुठे घेतला याला मात्र फार महत्त्व आहे. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते; काप तिच्या लगेच बाहेर हवा. वळीच कापली तर झाडाच्या भिंतीच पाडल्यासारखं, आणि लांब खुंटी ठेवली तर कुजीला जिना दिल्यासारखं. जड फांदी असेल तर आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून काप, मग जरा पुढे वरून, आणि वजन उतरल्यावर शेवटचा काप वळीशी. नाहीतर फांदी जाताना खोडाची साल सोलत नेते, आणि त्या जखमेवर रंगाचा अख्खा डबा ओतला तरी काही होत नाही.

"परवानगीचं मालक बघतो"

बघत नाही. "झाड माझंच आहे" एवढं तो सांगतो, आणि कधी कधी बुंधा निम्मा शेजाऱ्याच्या हद्दीत निघतो. बऱ्याच ठिकाणी झाड स्वतःच्या आवारात असलं तरी ते तोडायला परवानगी लागते, आणि नियम मोडला तर तोडवणाऱ्याबरोबर तोडणाराही सापडतो. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याने वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं गुन्हा आहे. तिथे चेनसॉ ज्याच्या हातात, प्रश्न त्यालाच विचारला जाईल. मी परवानगीची प्रत हातात आल्याशिवाय तारीख देत नाही. यापायी दोन गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

"लिहून घ्या"

पूर्ण मेसेजमधला हा सगळ्यात घातक सल्ला, कारण तो कायदेशीर वाटतो. काम कुठे, केव्हा, कसं करायचं ते तुम्ही सांगता आणि अवजारंही तुमचीच, तर कागदावर त्या पोराला काहीही म्हणा, अनेक देशांतली न्यायालयं त्याला तुमचा कामगारच मानतात. निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू किंवा इजा यांची जबाबदारी तर कराराने झटकताच येत नाही, असं ब्रिटनच्या १९७७ च्या कायद्यात स्पष्ट आहे. विमा काढलात तरी तो उंचीवरच्या कामाला आणि झाडतोडीला लागू आहे ना, ते वाचून घ्या. "किरकोळ बागकाम" असं लिहून हप्ता वाचवलेला असेल तर दावा करायच्या दिवशी तेच दोन शब्द समोर येतात.

"झाड बघण्यात वेळ घालवू नका"

एका गिऱ्हाइकाकडे मोठं झाड होतं, वरून हिरवंगार. बुंध्याशी, मुळांच्या फटीत, ताटलीएवढ्या अळंब्या आल्या होत्या. लाकडी हातोडीने ठोकत गेलो. एका बाजूला टणक आवाज, दुसऱ्या बाजूला ढोलासारखा. चढणार नाही, खालून बादलीचं यंत्र (माणसाला बादलीत उभं करून वर उचलणारं) लावून तुकड्या-तुकड्याने उतरवू, असं सांगितलं. त्याने फोन दाखवला: दुसरा माणूस दोर घेऊन त्याच दुपारी चढायला तयार होता, माझ्या निम्म्या पैशांत. मी निघालो. दोन दिवसांनी त्या गिऱ्हाइकाचाच फोन आला. तो दुसरा माणूस येऊन, झाडाकडे बघून, काही न बोलता परत गेला होता. यंत्र लावून झाड उतरवलं. शेवटचा ओंडका आडवा झाला तेव्हा आतल्या पोकळीत माझा सहकारी खांद्यापर्यंत हात घालू शकत होता, आणि एका बाजूची शाबूत भिंत त्याच्या तळव्याइतकीही जाड नव्हती.