पर्पेतुआचं बाळ

मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कधीकधी आमचे फादर ती जुनी, लांब प्रार्थना घेतात. फेलिसिता, पर्पेतुआ, आगाथा, लूसिया... रक्तसाक्षी, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेसाठी प्राण दिलेल्या, स्त्रियांची नावं एका दमात येऊन जातात. लहानपणापासून ऐकतेय. पण पर्पेतुआनं तुरुंगात स्वतः लिहिलेलं टिपण आजही वाचायला मिळतं, हे मला चाळिशीत कळलं.

साल 203. कार्थेज, म्हणजे आजचा ट्युनिशिया. श्रद्धेपायी तुरुंगात पडलेली पर्पेतुआ 22 वर्षांची, चांगल्या घरातली, शिकलेली, आणि अंगावर पिणारं बाळ. बाळाच्या काळजीनं जीव कसा पोखरला जात होता, ते ती लिहिते. त्याला जवळ ठेवायची परवानगी मिळाली आणि तोच अंधारा तुरुंग तिला राजवाडा वाटला. म्हातारे वडील पुन्हापुन्हा येऊन विनवतात, श्रद्धा सोड म्हणून. सुनावणीत रोमन अधिकारी हिलारियानस त्यांना छडीनं मारायला लावतो, तेव्हा तो मार जणू मलाच बसला, असं ती म्हणते. तरी श्रद्धेपासून तसूभर हलत नाही.

पुढे या कथेची छोटी लॅटिन रूपं तयार झाली आणि प्रती त्यांच्याच जास्त निघाल्या. त्यांत न्यायालयातले सवालजबाब वाढले. टिपणात कुठेही नसलेला नवरा येऊन उभा राहिला. आणि पर्पेतुआ बाळाला दूर लोटते, आईवडिलांना म्हणते, चालते व्हा, मी तुम्हांला ओळखत नाही! हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. माया तुटलेली बाई जास्त पवित्र, असं कुणाला का वाटावं? मला तर बाळासाठी तळमळणारीच्या श्रद्धेची किंमत जास्त कळते. तिनं काय सोडलं ते तिथे दिसतं.

'कथा बदलली म्हणजे सगळंच थोतांड' म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. तिचं टिपण ज्यात आहे त्या मूळ ग्रंथातही दुसरा हात आहेच. स्वतःचं मरण ती कशी लिहिणार? तो भाग दुसऱ्यानं लिहिलाय, आणि तसं सांगूनच लिहिलाय. तिच्या सणाच्या दिवशी, 7 मार्चला, प्रवचनात मात्र हे मूळचं वाचा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

त्या शेवटच्या भागात रिंगणात, जनावरांपुढे सोडल्यावर, पिसाळलेली गाय तिला उडवते. ती उठून बसते, फाटलेला कपडा मांडीवर ओढून घेते, विस्कटलेले केस नीट बांधते, कारण मोकळे केस शोकाचे. मग तिला फेलिसिता पडलेली दिसते. गुलाम बाई, तुरुंगातच बाळंत झालेली. पर्पेतुआ जाऊन तिला हात देते, उठवते. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहतात.