‘मुलगा ऐकत नाही? मिलिटरी शाळेत टाका!’ – हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

लष्करातल्या मराठी घरांमधून (म्हणजे ग्वाल्हेर शहरातला लष्कर भाग, फौज नव्हे) गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. आधी गणेशोत्सवाच्या ग्रुपवर आला, मग महिला मंडळाच्या, आणि शेवटी आमच्या वहिनींकडून, खाली ‘आमचं जवळजवळ ठरलंय’ अशी ओळ जोडून. ती ओळ नसती तर मेसेज पुसून मी माझ्या कामाला लागले असते. पण ज्याचं ठरलंय तो माझा भाचा आहे, अकरा वर्षांचा, आणि त्याला कुणी काही विचारलेलं दिसत नाही.

मेसेज थोडक्यात असा. मुलांच्या मिलिटरी शाळेत सहावी ते आठवी थेट प्रवेश. फी शून्य, सगळा खर्च सरकारचा. पुस्तकी अभ्यासाचं ओझं नाही. पहाटे चारला उठवतात, चूक झाली की फटके आणि जेवण बंद, म्हणून उद्धट, आळशी, मोबाईलवेडी मुलं सहा महिन्यांत सरळ. बारावी झाली की परीक्षेशिवाय लेफ्टनंट. वय थोडं जास्त असलं तरी चिंता नको, ‘जन्मदाखल्याची व्यवस्था होते’. खाली एक मोबाईल नंबर. आणि वर फोटो आपल्या किल्ल्यावरच्या शाळेचा!

निदान फोटो तरी बघायचा. सिंधिया स्कूल 1897 साली सरदारांच्या मुलांसाठी निघालं. मुलांचं आहे, निवासी आहे, पण फौजेशी त्याचा काडीचा संबंध नाही. बाहेरगावच्या माणसाची गल्लत झाली तर समजू शकते. पण ज्यांना गच्चीवर कपडे वाळत घालताना किल्ला दिसतो, त्यांनीही डोळे मिटून हे पुढे ढकललं.

आता खरोखरच्या शाळा. सैनिक स्कूल संरक्षण मंत्रालयाखालच्या सोसायटीची. पहिलं 1961 साली साताऱ्यात निघालं, आपल्या मध्य प्रदेशातलं जुनं सैनिक स्कूल रीवाला आहे. राष्ट्रीय मिलिटरी स्कूल वेगळी, देशात पाचच. त्यातलं धौलपूरचं आपल्याला जवळ, चंबळ ओलांडली की आलंच, 1962 पासून तिथल्या केसरबाग महालात भरतं. तिथल्या बहुतेक जागा जवान आणि जेसीओंच्या (सुभेदारांसारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या) मुलांसाठी असतात. आणि तिसरं डेहराडूनचं आरआयएमसी (राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज), तिथे आठवीत घेतात. तिघांचे नियम वेगळे, परीक्षा वेगळ्या. मेसेजवाल्याने तिन्हींची खिचडी करून वर सिंधियाचा फोटो चिकटवलाय.

मी फार काही संशोधन केलेलं नाही. सैनिक स्कूलची प्रवेश परीक्षा एनटीए (केंद्राची परीक्षा घेणारी संस्था) घेते, तिची माहितीपुस्तिका त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळते, ती मी वाचली. बस्स. मेसेजातली अर्धीअधिक वाक्यं तेवढ्यानेच आडवी होतात.

‘थेट प्रवेश’ म्हणे. प्रवेश सहावीत आणि नववीत, लेखी परीक्षेतून. सहावीचा पेपर 300 गुणांचा, अडीच तासांचा, त्यात 150 गुण एकट्या गणिताचे. प्रत्येक विषयात किमान 25 टक्के आणि एकूण 40 टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ही अट नाही). मग गुणवत्ता यादी, मग वैद्यकीय तपासणी. मुलाखतच नाही, त्यामुळे ‘आतून ओळख काढतो’ म्हणणारा नेमका कुठे ओळख काढणार, हे त्यालाच विचारा. खाजगी संस्थांच्या भागीदारीतली नवी सैनिक स्कूलं निघाली आहेत हे खरं, पण सैनिक स्कूलच्या तुकडीत बसायला तिथेही हीच परीक्षा पास व्हावी लागते.

‘फी शून्य’ हेही खोटं. जुन्या सैनिक स्कूलांत फी, मेस, कपडे धरून वर्षाचा आकडा लाखाच्या वर जातो. उत्पन्न कमी असेल तर राज्याच्या आणि केंद्राच्या शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या अर्ज करून, कागद दाखवून मिळतात.

‘मुलांच्या’ हा शब्दही शिळा झालाय. 2021-22 पासून सगळ्या सैनिक स्कूलांत सहावीला मुली घेतात. ज्यांच्या घरी दहा-अकरा वर्षांच्या मुली आहेत त्यांनी मेसेज वाचलाच नसेल. त्यांनीच पुस्तिका वाचावी.

आणि अभ्यासाचं ओझं नाही? शाळा सीबीएसईची, माध्यम इंग्रजी. सहावीचा पेपर तेरा भाषांतून देता येतो, त्यात मराठीही आहे, पण आत गेल्यावर विज्ञान इंग्रजीतूनच शिकायचं. रोज संध्याकाळी सक्तीचा अभ्यास, त्याला ‘प्रेप’ म्हणतात. डोकं बाकावर टेकवलं की मागून मास्तर येतात.

हे मला कसं माहीत? माझे यजमान अशाच एका शाळेत शिकलेत. कुठल्या ते सांगत नाही. वहिनींच्या घरापासून आमचं घर स्कूटरवर पाच मिनिटं. चहाला बोलावून विचारलं असतं तर दोन तास बोलले असते, या विषयावर ते थांबत नाहीत. पण घरच्या माणसापेक्षा अनोळखी नंबर खरा!

‘बारावीनंतर परीक्षेशिवाय लेफ्टनंट’ या वाक्यावर तर हे मोठ्याने हसले. सैनिक स्कूल असो नाहीतर आपलं साधं सरकारी विद्यालय, एनडीएचा (फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीचा) फॉर्म एकच. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते: गणित 300, सामान्य क्षमता 600. लाखो मुलं बसतात, जागा साधारण चारशे. लेखी पार पडलं की पाच दिवसांचं एसएसबी (फौजेच्या निवड मंडळाची चाचणी आणि मुलाखत), तेही 900 गुणांचं. मग मेडिकल, मग खडकवासल्याला तीन वर्षं, मग भूसेनेत जाणाऱ्यांना डेहराडूनच्या आयएमएत (भूसेनेच्या अकादमीत) आणखी एक. तेव्हा कुठे खांद्यावर तारे. हे लेखी पास झाले, एसएसबीला शेवटच्या दिवसापर्यंत टिकले आणि कॉन्फरन्समधून, म्हणजे निवड मंडळाच्या शेवटच्या बैठकीतून, बाहेर पडले. मुलं याला ‘कॉन्फरन्स आउट’ म्हणतात. पुढे बँकेत लागले. सात वर्षं शिट्टीवर उठलेला माणूस आज कर्जाच्या फायली बघतो. त्याला कुणी थेट लेफ्टनंट केलं नाही.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी, नाहीतर रीवावाले माझ्या अंगावर येतील. 2024 साली भूसेनाप्रमुख झालेले जनरल उपेंद्र द्विवेदी आणि नौसेनाप्रमुख झालेले ॲडमिरल दिनेश त्रिपाठी, दोघेही रीवाच्या सैनिक स्कूलचे, एकाच वर्गातले. या शाळा काढल्याच एनडीएसाठी मुलं तयार करायला, आणि त्यांची तयारी चांगली होते यात वाद नाही. पण हे दोघेही एनडीएची परीक्षा देऊनच गेले. आणि जनरल नरवणे पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत शिकूनही सेनाप्रमुख झाले.

आता मूळ दुखण्याकडे येते. ‘बिघडलेला मुलगा सरळ होतो.’

गेल्या रविवारी वहिनींकडे गेले होते. भाचा आतल्या खोलीत पलंगावरची चादर ओढून ओढून बसवत होता. कोपरा बसला की बाजूला होऊन बघायचा, परत उपसायचा, परत बसवायचा. मला वाटलं, शाळेचा काही उपक्रम असेल. विचारल्यावर म्हणाला, ‘आत्या, चादर चुकली तर तिथे जेवण देत नाहीत ना?’ मेसेज त्यानेही वाचला होता. आईच्या फोनवर.

त्याचा गुन्हा काय, तर मोबाईल जास्त बघतो आणि उलट उत्तरं देतो. अकरा वर्षांचा मुलगा उलट उत्तरं नाही देणार तर काय आजोबा देणार?

पहिली गोष्ट, मारहाण आणि उपासमार ही कुठल्याच शाळेची शिकवण्याची पद्धत असू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्याचं कलम 17 सरळ सांगतं: मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही, मानसिक छळ करायचा नाही. आणि तो कायदा सैनिक स्कूलचं नाव घेऊन त्यांना शाळांच्या व्याख्येत धरतो. म्हणजे मेसेजवाला ज्याची जाहिरात करतोय ते बेकायदा आहे, सोय नव्हे.

दुसरी, असं काही होतच नाही, असंही मी म्हणणार नाही. यजमानांच्या वेळी वरच्या वर्गातली मुलं ‘रगडा’ द्यायची: रात्री कॉरिडॉरमध्ये कोलांट्या, कोपरांवर सरपटणं, असलं. त्याने कणखर झालात का, असं मी विचारलं होतं. म्हणाले, खोटं बोलण्यात तरबेज झालो. गुडघा कसा सोलला विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, ‘फुटबॉल, सर.’

मग फायदा कशाने झाला? त्यांची काळी पत्र्याची ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे, पांढऱ्या रंगात नंबर घातलेली, आता त्यात गोधड्या असतात. झाकणाच्या आतल्या बाजूला सामानाची यादी चिकटवलेली आहे: पांढरे कॅनव्हासचे बूट, काळं पॉलिश, दोन ब्रश, नावाच्या पट्ट्या, सुई-दोरा. सुई-दोरा अशासाठी, की शर्टाचं बटण तुटलं तर सकाळच्या फॉलइनच्या (रांगेत उभं राहण्याच्या) आधी स्वतःच लावायचं. साडेपाचच्या आसपास शिट्टी (चारला नव्हे), पीटी, नाश्ता, वर्ग, दुपारी थोडी झोप, खेळ, प्रेप, रोल कॉल, दिवे बंद. रोज तेच. बाजूच्या पलंगावरचाही तेच करतोय. हे सांगतात, पहिल्या सत्रात रात्री पांघरुणात रडत नव्हता असा मुलगा सापडायचा नाही, आणि त्या दिवसांत मुलांना सांभाळलं ते मेट्रनबाईंनी आणि एका हाउसमास्तरांनी, जे रात्री चकरा मारताना नुसते पलंगाशी उभे राहायचे. आजही हे स्वतःचे बूट स्वतः पॉलिश करतात. मोबाईल मात्र आमच्या घरात सगळ्यांत जास्त तेच बघतात!

तेव्हा शाळा म्हणजे मुलं दुरुस्त करून देणारं गॅरेज नव्हे. ती परीक्षा घेऊन मुलं निवडते. ज्याला जायचंय, ज्याने तयारी केली आहे, तोही पहिलं वर्ष कसाबसा काढतो. ज्याला शिक्षा म्हणून पाठवलंय त्याने तिथे काय करायचं? आणि एक विचारते, राग धरू नका: मोबाईल त्याच्या हातात दिला कुणी?

राहता राहिला जन्मदाखला. इथे मी सरळ वहिनींशीच बोलते, कारण त्या नंबरवर फोन झाला आहे हे मला दादाकडून कळलंय.

वहिनी, सहावीसाठी प्रवेशाच्या वर्षाच्या 31 मार्चला मूल दहा ते बाराच्या मधलं लागतं. आपला येत्या फेब्रुवारीत बारा पूर्ण करतोय, म्हणजे महिना-दीड महिन्याने हुकतोय. नेमकं हेच हेरून तो माणूस तुम्हाला ‘व्यवस्था’ सांगतोय. त्याला हजारोंनी पैसे जातील, खोटा दाखला उद्या कधीही उघडा पडेल, प्रवेश जाईल आणि पोलिसांत नाव दादाचं लागेल. सातवी-आठवीत सैनिक स्कूल घेतच नाही. त्याला टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर परत मागा आणि मेसेजचा स्क्रीनशॉट पुसू नका.

मुलालाच जायचं असेल तर नववीचा रस्ता उघडा आहे. तेव्हा तो चौदाचा असेल, मर्यादा तेरा ते पंधरा. पेपर इंग्रजीतून, 400 गुणांचा, त्यात गणित 200. सध्या त्याची शेकडेवारी कच्ची आहे, हे मी त्याची वही बघून सांगते. ह्यांना रविवारी सकाळी वेळ असतो. आधी त्याला विचारा, हो म्हणाला तर पाठवा. आणि तो मेसेज त्याच्यासमोर ग्रुपवरून काढून टाका.