‘दिवस गेले की गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून येऊन पडतो. मजकूर साधारण असा: किडनी बदललेल्या बाईला मूल होत नाही, झालं तरी होऊ देऊ नये, ट्रान्सप्लांटच्या गोळ्या बाळाला विषासारख्या, त्यामुळे दिवस गेले की त्या लगेच बंद कराव्यात, नऊ महिन्यांत नवी किडनी जातेच, सिझर ठरलेलं, आणि बाळाला आईचं दूध चालत नाही. शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’ असतंच.

यातलं गोळ्या बंद करण्याचं वाक्य जीवघेणं आहे, म्हणून त्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. आधी बाकीचं.

‘मूल होत नाही’

डायलिसिसवर असताना पाळी अनियमित होते किंवा थांबते, त्यावरून हा समज पसरला असावा. चांगली किडनी बसली की अंडाशयाचं चक्र पुन्हा सुरू होतं, कित्येकींचं तर पहिल्या एक-दोन महिन्यांतच. पाळी यायच्या आधी बीज सुटतं, म्हणजे पाळी न येताही दिवस राहू शकतात. नेमका हाच काळ औषधांचे डोस सर्वांत जास्त असण्याचा आणि शरीराकडून नवी किडनी नाकारली जाण्याची भीती सर्वांत मोठी असण्याचा. म्हणून घरी पाठवतानाच गर्भनिरोधनाची गोष्ट निघायला हवी, आणि ती बहुतेक वेळा निघत नाही. तांबी चालते, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे तिचा परिणाम कमी होत नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या मात्र रक्तदाब वाढलेला असेल तर टाळतात.

किडनी प्रत्यारोपणानंतरचं पहिलं बाळंतपण मार्च १९५८मधलं, अमेरिकेतलं. एडिथ हेल्म यांना १९५६ साली बोस्टनमध्ये जुळ्या बहिणीची किडनी मिळाली होती. बहीण हुबेहूब जुळी असल्यानं त्यांना प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची गरजच नव्हती, तेव्हा औषधांबद्दल त्या उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही. ते सिद्ध होतं नंतरच्या हजारो बाळंतपणांवरून. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात अशा ४,७०६ गर्भधारणा मोजल्या होत्या. त्यांतल्या ७३.५ टक्क्यांमध्ये जिवंत बाळ जन्माला आलं.

याचा अर्थ सगळं सोपं आहे असा नाही. त्याच आढाव्यात प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिनं जाणं, २७ टक्क्यांना झाला. ४५.६ टक्के बाळं ३७ आठवड्यांच्या आधी आली आणि सरासरी वजन २,४२० ग्रॅम भरलं. जोखमीचं बाळंतपण हे खरं. ‘होऊ देऊ नये’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय आधीच ठरवून ठेवायचं, एवढा मात्र निघतो.

‘गोळ्या विष आहेत, दिवस गेले की बंद करा’

‘गोळ्या’ असं सरसकट म्हणणं हीच मुळात चूक. भारतात ट्रान्सप्लांटनंतर बहुतेकांना टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही तीन औषधं एकत्र मिळतात. गर्भाच्या दृष्टीनं या तिघांचं वागणं अगदी वेगळं आहे.

मायकोफिनोलेट खरोखरच घातक. त्याचा मोफेटिल प्रकार असो वा सोडियम, पाकिटावरचं ब्रँडचं नाव काहीही असो. पहिल्या तिमाहीत ते पोटात गेलं तर ४५ ते ४९ टक्के गर्भपात होतात, आणि जन्मलेल्या बाळांत २३ ते २७ टक्क्यांना व्यंग आढळतं: बाहेरचा कान अर्धवट असणं किंवा नसणं, कानाची नळी बंद असणं, दुभंगलेला ओठ-टाळू, हृदयातले दोष. बाळाचे अवयव घडतात पहिल्या आठ-दहा आठवड्यांत. पाळी चुकली, घरी टेस्ट केली, डॉक्टरांची वेळ मिळाली, इतकं होईपर्यंत सहावा-सातवा आठवडा उजाडतो. तेव्हा ‘दिवस गेले की बंद करा’ हा सल्ला ज्या एका औषधाला लागू पडेल असं वाटतं, त्याच्या बाबतीतही तो उशिराचा. मायकोफिनोलेट गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी थांबलेलं असावं लागतं.

प्रतिकारशक्ती दाबणारी सायरोलिमस आणि एव्हरोलिमस ही औषधंही आधीच बदलतात. सायरोलिमस थांबवल्यावर १२ आठवडे गर्भनिरोधन चालू ठेवायचं असतं. सीएमव्ही या विषाणूसाठी दिलेलं व्हॅलगॅनसायक्लोव्हिर संपल्यावर स्त्रीनं ३० दिवस थांबायचं. रक्तदाबाच्या औषधांपैकी टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारखी ‘सार्टन’वाली आणि रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारखी ‘प्रिल’वाली गर्भाच्या किडन्यांना इजा करतात, गर्भजल कमी होतं. त्यांच्या जागी लॅबेटालॉल, लांब पल्ल्याचं निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा येतं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिनही साधारणपणे थांबवतात.

टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, ॲझाथायोप्रिन आणि कमी डोसमधलं प्रेडनिसोलोन ही मात्र चालूच ठेवायची. प्रेडनिसोलोनचा मोठा भाग वारेतच निष्क्रिय होतो, बाळापर्यंत थोडाच पोहोचतो. ॲझाथायोप्रिनला क्रियाशील रूप देणारं एन्झाइम सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाच्या यकृतात नसल्यात जमा असतं. हीसुद्धा बंद केली तर शरीर किडनी नाकारू लागतं. सुरुवातीला दुखत नाही, कळतही नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, वाढलेलं दिसतं तोवर नुकसान झालेलं असतं. किडनी बिघडली, रक्तदाब चढला की गर्भही टिकत नाही. बाळासाठी म्हणून गोळ्या सोडायच्या आणि दोन्ही गमावून बसायचं, असा हा सल्ला.

मग बदल करायचा कसा

ट्रान्सप्लांटला किमान एक वर्ष झालेलं असावं. अनेक डॉक्टर दोन वर्षं थांबायला सांगतात. गेल्या वर्षभरात किडनी नाकारली जाण्याचा एकही प्रसंग नसावा. क्रिएटिनिन १.५च्या आत आणि स्थिर, लघवीतून जाणारी प्रथिनं दिवसाला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी, रक्तदाब आटोक्यात, कुठलाही संसर्ग चालू नसावा. हे जुळलं की नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीतज्ज्ञ) मायकोफिनोलेट थांबवून ॲझाथायोप्रिन सुरू करतात, साधारणपणे वजनाच्या किलोमागे १ ते २ मिलीग्रॅम. ५० किलोच्या बाईला ५० ते १०० मिलीग्रॅम, म्हणजे ५०च्या एक किंवा दोन गोळ्या.

घोळ होतो तो इथून पुढे. ‘आता गोळी बदलली, लागा तयारीला’ असं नसतं. ॲझाथायोप्रिन हे मायकोफिनोलेटपेक्षा सौम्य औषध, त्यामुळे औषधांच्या नव्या संचावर किडनी शांत राहते का, हे पाहायला सहा आठवडे पुरत नाहीत. तीन ते सहा महिने हाताशी ठेवावेत. दर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि यकृताच्या चाचण्या. स्थिर दिसलं की अंतर वाढवतात. या काळात गर्भनिरोधन चालूच. किडनीनं कुरकुर केलीच तर पोटात बाळ नसताना करावी, तेव्हा उपचाराचे सगळे मार्ग मोकळे असतात.

सीबीसीकडे दुर्लक्ष करू नये. एनयूडीटी१५ या जनुकातला एक बदल भारतीयांमध्ये दुर्मीळ नाही. तो असेल तर ॲझाथायोप्रिनच्या नेहमीच्या डोसवरही पांढऱ्या पेशी काही आठवड्यांत धडाधड उतरतात. उशीवर अचानक केसांचे पुंजके दिसू लागले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रक्त तपासावं. जनुकीय चाचणी आधी करून घेता आली तर उत्तमच. आणि युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालू असेल तर ते आधी सांगायचं. ॲझाथायोप्रिनबरोबर ते रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतं.

याच काळात फोलिक ॲसिड सुरू होतं. रुबेलाच्या प्रतिपिंडांची तपासणीही करून घ्यावी. ही लस जिवंत विषाणूची, ट्रान्सप्लांटनंतर देता येत नाही. डायलिसिसवर असतानाच तिचा विचार झालेला बरा. मूळ आजार आनुवंशिक असेल, उदाहरणार्थ किडनीत गाठी होण्याचा, तर जनुकीय सल्लाही आत्ताच.

आणि न ठरवता, मायकोफिनोलेट चालू असतानाच दिवस गेले तर? स्वतःच्या मनानं काहीही बंद करायचं नाही, त्याच दिवशी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करायचा. ते मायकोफिनोलेट तेवढं बदलतील, बाकीची औषधं चालू राहतील. व्यंग होतंच असं नाही. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत कान, टाळू, हृदय नीट बघून घेता येतं. गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णय तिचा. २०२१च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं २० आठवड्यांपर्यंत एका, ठरावीक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो.

‘नऊ महिन्यांत किडनी जाते’

वरच्या अटी पूर्ण असतील तर सहसा जात नाही. मूळ क्रिएटिनिन जास्त, लघवीत प्रथिनं भरपूर किंवा रक्तदाब चढा असेल तर धोका खरा आहे, आणि तो तिला स्पष्ट सांगायलाच हवा.

गरोदरपणात आकडे वाचण्याची पद्धत बदलते, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं. किडनीचा रक्त गाळण्याचा वेग वाढल्यानं क्रिएटिनिन उतरायला हवं. आधी १.२ असलेलं चौथ्या महिन्यात ०.९ व्हावं. ते १.२लाच राहिलं तर लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापून येईल, पण नेफ्रॉलॉजिस्टच्या भुवया उंचावतील.

टॅक्रोलिमसचंही तसंच. रक्ताचं आकारमान वाढतं, हिमोग्लोबिन उतरतं, यकृत औषध लवकर फोडतं, त्यामुळे औषधाची रक्तातली पातळी खाली येते आणि बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. बाळ आत असताना डोस वाढवायचा म्हटल्यावर घरचे घाबरतात, पण बऱ्याचदा हे जुनीच पातळी टिकवणं असतं. पातळीचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं. नेहमीच्या सवयीनं गोळी घेऊन लॅबमध्ये गेलं की आकडा फुगून येतो, त्यावर डोस कमी होतो आणि किडनीचं संरक्षण कमी पडतं. शिवाय एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांनी पातळी चढते, पपनसानंही चढू शकते. पाणमोट लवकर फुटली की एरिथ्रोमायसिन देण्याची पद्धत आहे. तिथे ‘मी टॅक्रोलिमसवर आहे’ हे ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगणारं माणूस जवळ असावं.

प्रीएक्लॅम्प्सिया टाळण्यासाठी १२ आठवड्यांपासून रात्री कमी डोसची ॲस्पिरिन, दर महिन्याला लघवीचं कल्चर, साखरेची तपासणी. घरी रक्तदाबाची वही.

‘सिझर ठरलेलं’

नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला, पोटाच्या पोकळीबाहेर बसवलेली असते. ती बाळाच्या वाटेत येत नाही. निव्वळ ट्रान्सप्लांट हे सिझरचं कारण नाही. तरी वरच्या आढाव्यात ते ५६.९ टक्क्यांचं झालं, त्यात खरी कारणंही असतील आणि भीतीही. सिझर लागलंच तर किडनी आणि मूत्रनलिका नेमकी कुठे आहे, हे सर्जनला आधी माहीत हवं. रोज प्रेडनिसोलोन घेणाऱ्या बाईला कळांच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं. ते विसरलं जाऊ शकतं, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

‘दूध पाजू नये’

टॅक्रोलिमस दुधात अत्यल्प उतरतं. ॲझाथायोप्रिन आणि नेहमीच्या डोसमधलं प्रेडनिसोलोनही चालतं. मायकोफिनोलेट आणि सायरोलिमस चालत नाहीत, तेव्हा पाजायचं असेल तोवर जुनं मायकोफिनोलेट परत सुरू करायचं नाही.

बाळंतपणानंतरचे पहिले पंधरा दिवस सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं आणि नेमकं तेव्हाच टॅक्रोलिमस वर चढतं, कारण वाढवलेला डोस तसाच राहिलेला असतो. पहिल्या आठवड्यातच पातळी करून डोस खाली आणावा. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक नको, पॅरासिटामॉल पुरतं. बाळंतकाढाही नको, त्यात काय काय आहे आणि त्याचं टॅक्रोलिमसशी कसं जुळेल, हे कुणालाच सांगता येत नाही. डिंकाचे लाडू साखर बघून.

मेसेजच्या एका आवृत्तीत ‘नवऱ्याची किडनी बदललेली असेल तरी हेच लागू’ असंही जोडलेलं असतं. ते नाही. टॅक्रोलिमस, ॲझाथायोप्रिन, प्रेडनिसोलोन त्यानं चालू ठेवायचं. वडिलांनी घेतलेल्या मायकोफिनोलेटमुळे व्यंग वाढल्याचा पुरावा नाही. युरोपीय नियामकांनी सावधगिरी म्हणून दोघांपैकी एकानं गर्भनिरोधन वापरावं आणि औषध थांबवल्यास ते ९० दिवस चालू ठेवावं असं म्हटलं आहे. सायरोलिमसनं शुक्राणू कमी होतात, ते बदलल्यावर बहुधा पूर्ववत होतात.