प्रिंटर सोडून सगळं चालतं

जगातले पहिले 500 महासंगणक नोव्हेंबर 2017 पासून एकजात लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या फुकट आणि खुल्या प्रणालीवर, चालतात. 2021 मध्ये मंगळावर उडालेलं इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरही लिनक्सवरच. ही माहिती मी घरात इतक्यांदा ऐकवली आहे की आता कुणी मान वर करूनही बघत नाही. "मंगळावर प्रिंट काढायची नव्हती ना, बाबा," एवढंच मुलगी म्हणते.

मुद्दा बिनतोड आहे. आमच्या घरीही लिनक्सच आहे, आणि त्यावर प्रिंटर सोडून सगळं चालतं. तसा प्रिंटरही चालतो. स्कॅन करतो, शाई किती उरली ते सांगतो, चाचणीचं पान तर असं झकास काढतो की बघत राहावं. फक्त मुलीचा शाळेचा प्रकल्प छापायला दिला की पडद्यावर 'पूर्ण झाले' असा निरोप येतो आणि कागद जिथल्या तिथे. काय पूर्ण झालं? कुणाचं झालं? छपाईची रांग बघावी तर रिकामी. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, जुन्या काळापासून एक सोय आहे म्हणे: प्रिंटर काहीतरी बिघडलंय म्हणतो, पण काय ते सांगत नाही, अशा वेळी 'एलपी झिरो ऑन फायर', म्हणजे प्रिंटर पेटलाय, असं छापून मोकळं व्हायचं. मला तेवढंही भाग्य लाभलेलं नाही. पेटला असता तरी चाललं असतं, निदान बिघाड झाल्याचं यंत्राने कबूल केलं असतं.

वायफायची तऱ्हा निराळी. नव्याने लिनक्स टाकलं की काही लॅपटॉपवर वायफाय दिसतच नाही, कारण त्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, खुला नसतो आणि तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो. कुठून? इंटरनेटवरून! मग फोन केबलने जोडायचा आणि त्याचं नेट लॅपटॉपला द्यायचं. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल. म्हणजे एक लिनक्स दुसऱ्याला हात देतंय आणि मधे मी केबल धरून उभा.

यानंतर येतं टर्मिनल. काळ्या खिडकीत 'सुडो', म्हणजे मालकाच्या अधिकाराने हुकूम, असं लिहून पासवर्ड टाकायचा. टाकताना पडद्यावर काही उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. मागे उभी असलेली आई हमखास म्हणते, "अरे, कीबोर्ड बंद पडला वाटतं तुझा." पुढे अक्षरं भराभर वर सरकायला लागली की मात्र ती गप्प होते आणि माझ्याकडे थोड्या आदराने बघते. तो आदर मी तिला काही न समजावता ठेवून घेतो.

खरा त्रास हा की भांडायला कुणी नाही. विकत घेतलेली वस्तू बिघडली की माणूस फोन लावतो, आवाज चढवतो, "तुमच्या साहेबांना द्या" म्हणतो आणि निम्मा राग तिथेच उतरतो. इथे साहेब कोण? लिनक्सचा जनक लायनस टोरवाल्ड्सने 25 ऑगस्ट 1991 लाच जाहीर सांगून टाकलं होतं की हा आपला नुसता छंद आहे, यातून काही मोठं होणार नाही. परवान्यात तर ठळक अक्षरांत लिहिलंय: हमी नाही, आणि प्रोग्रॅम सदोष निघाला तर दुरुस्तीचा खर्च तुमचा. पैही न मोजता आणलेल्या गोष्टीवर आवाज चढवायचा तरी कुठल्या तोंडाने? जाणकारांना विचारावं, तर ते आधी लॉग, म्हणजे यंत्राने स्वतः ठेवलेली नोंद, मागतात. लॉग दाखवला की विचारतात, "पण हा डिस्ट्रो वापरताच कशाला?" डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा अवतार.

"मग काढून का टाकत नाहीस?" बायको विचारते. तर त्याचं असं आहे की एरवी ते फार गुणी आहे. जुन्या लॅपटॉपवर पळतं, अपडेट मी म्हणेन तेव्हाच घेतं, आणि ऐन कामात 'आता रीस्टार्ट करतो' म्हणून पडदा खेचत नाही. हे सांगताना मी इतका रंगतो की मागे मेहुण्यापुढेही असाच रंगलो. विंडोज 10 चे अपडेट ऑक्टोबर 2025 मध्ये थांबले, त्याचा लॅपटॉप विंडोज 11 च्या अटींत बसेना, म्हणून एका दुपारी मी त्यावर लिनक्स टाकून दिलं.

तेव्हापासून त्याचे फोन सुरू आहेत. आवाज गेला, ब्लूटूथ सापडत नाही, टचपॅड उलटा सरकतो. शेवटी मी त्याला परवान्यातलं ते हमीचं कलम वाचून दाखवलं.

"ते असू द्या हो भाऊजी," तो म्हणाला, "टाकलं कुणी? तुम्ही. आता प्रिंटर बघायला कधी येताय?"