ऑनलाइन मराठी परीक्षा कशी घ्यावी

तुमच्या मंडळाला यंदा मुलांची मराठी परीक्षा घ्यायची आहे ना? तीही ऑनलाइन? उत्तम. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आता इंदूरच्या पोरांना ती येते की नाही हे कळायलाच हवं. माझ्या पुतणीने नुकतीच अशी एक परीक्षा दिली. तिचा निकाल पाहिल्यापासून माझ्याकडे सल्ल्यांचा साठा झालाय, घ्या.

सगळ्यात आधी, काय तपासायचं आहे हे ठरवू नका. बोलणं, वाचणं, लिहिणं, ऐकून समजणं, असल्या भानगडीत पडलं की काम वाढतं. फॉर्म उघडा, वर लोगो लावा, अध्यक्षांचा फोटो लावा. प्रश्न सुचतील तसे घाला.

प्रश्न शक्यतो पुण्याहून मागवा. इंदूरच्या रामबागेत वाढलेल्या मुलीला तुळशीबागेत काय मिळतं हे ठाऊक असायलाच हवं. तिथल्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस कसा करतात हे ती अस्खलित मराठीत सांगेल, पण त्याला मार्क नाहीत.

निबंध टाळा. वाचायला माणूस लागतो.

आता मुख्य गोष्ट. उत्तरं टाइप करायला लावा आणि तपासायचं काम मशीनवर सोडून द्या. प्रश्न होता, 'दरी'चं अनेकवचन लिहा. पुतणीने लिहिलं 'दऱ्या'. निकालात लाल फुली आणि खाली ओळ: योग्य उत्तर 'दऱ्या'. पोरीने फोन जवळ धरला, लांब धरला. आजीने चष्मा पुसून पाहिलं. फरक दिसेना, कारण डोळ्यांना दिसेल असा फरक नव्हताच. हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षराला जो आकडा देतो त्या पद्धतीत, दोन रीतींनी लिहिता येतो. एकतर नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडायचा, नाहीतर साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. दोन्ही रीती मान्य, दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारख्या. मशीन अक्षर बघत नाही, आतले आकडे ताडून बघतं. पेपर काढणाऱ्यांचा कीबोर्ड एक, पोरीच्या फोनचा दुसरा, झाली चूक! आणि हा र हिंदीत लागतच नाही हो. दऱ्या, पायऱ्या, सुऱ्या, कुऱ्हाड, तऱ्हा, आपल्याकडे पावलोपावली. म्हणजे मराठीच्या परीक्षेत पोरं नापास कुठे होणार, तर नेमकी मराठीच्या खास अक्षरावर. 'ॲ'चं तेच. ते एकसंध अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आलं २००८ साली. त्याआधीच्या सवयीचे लोक अजून अ लिहून वर चंद्र चढवतात. तेही दिसायला तसंच, तेही चूक. 'उंच'चा विरुद्धार्थी शब्द तिने 'बुटका' लिहिला, उत्तरसूचीत 'ठेंगणा' एवढा एकच, म्हणून तिथेही फुली. एका बरोबर उत्तरापुढे फोनने आपणहून स्पेस टाकली होती, तेवढ्यावर मार्क गेला. मी संयोजकांना फोन केला. म्हणाले, "वहिनी, मार्क सिस्टीमने दिलेत, आम्ही काय करणार?"

काय करणार! बरं, पुढे जाऊ.

तोंडी परीक्षा ॲपवर घ्या आणि ॲपची भाषा हिंदीच राहू द्या. मुलगी 'कमळ' म्हणाली की ते 'कमल' लिहील आणि तिचे उच्चार कच्चे ठरवील. कुणी तक्रार केलीच तर परदेशातला दाखला तयार ठेवा. २०१७ साली ऑस्ट्रेलियात कायम राहण्यासाठी आयर्लंडच्या एका पशुवैद्य बाईंनी संगणकावर इंग्रजीची परीक्षा दिली. मातृभाषा इंग्रजी, दोन पदव्या. बोलण्याला ७९ हवे होते, मशीनने ७४ दिले.

प्रमाणपत्रावर 'स्तर: बी-२' छापा, भारी दिसतं. ही पातळी भाषा किती येते हे मोजायच्या, युरोप परिषदेच्या २००१ च्या चौकटीतली. ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या, आणि प्रत्येकीत त्या माणसाला भाषेत काय काय करता येतं याची वर्णनं. ती वाचू नका. वाचलीत तर ज्या परीक्षेत एकही पूर्ण वाक्य बोलून किंवा लिहून घेतलं नाही, तिच्यावर बी-२ छापताना हात थरथरेल. आणि पालकहो, तुम्हीही मुलांकडून काय तपासून घेतलं ते विचारू नका, प्रमाणपत्राचा फोटो स्टेटसला टाका.

पुरे झालं. आता पुतणीची परीक्षा घेणाऱ्यांनो, तुम्हालाच विचारते. सिस्टीमने मार्क दिले म्हणता, त्या सिस्टीममध्ये उत्तरसूची कुणी भरली? तुम्ही. एका प्रश्नाला एकच उत्तर कुणी ठेवलं? तुम्ही. परीक्षेआधी घरातल्या दोन-चार पोरांना आपापल्या फोनवरून ती सोडवायला लावली असती, तर 'दऱ्या'चा घोळ तेव्हाच समोर आला असता. तेवढंही केलं नाहीत. घरी सगळे हिंदीत बोलत असताना ज्या पोरी आजीशी हट्टाने मराठीत बोलतात, त्यांना तुम्ही सांगितलंत की तुम्हाला मराठी येत नाही. माझी पुतणी आता आजीला विचारते, "नक्की बरोबर लिहिलं ना मी?" याला तुम्ही मराठीची सेवा म्हणता? उत्तरांची ती शीट तुमच्याकडेच आहे. उघडा. फुली मारलेलं एकेक उत्तर डोळ्यांनी वाचा, मार्क दुरुस्त करा आणि त्या मुलांच्या घरी फोन करून सांगा की चूक आमची होती. रविवारच्या एका सकाळचं काम आहे. तेवढा वेळ नसेल तर पुढच्या वर्षी परीक्षा जाहीर करू नका.